नकाशा गप्प का बसतो

ओव्हरपास टर्बो पहिल्यांदा उघडलं की डावीकडे चार-पाच ओळींचा एक प्रश्न आधीच लिहून ठेवलेला असतो आणि उजवीकडे रोम शहराचा नकाशा. प्रश्न साधा आहे: समोर दिसणाऱ्या भागात पिण्याचं पाणी कुठे कुठे मिळतं? 'रन' दाबायचं, दोन-चार सेकंद थांबायचं, आणि नकाशावर ठिपक्यांची रांगोळी उमटते. रोमच्या रस्त्यांवर लोखंडी, वाकड्या तोटीचे नळ आहेत. तिथले लोक त्यांना 'नासोनी' म्हणतात, म्हणजे मोठ्या नाकाचे. ठिपके बहुतेक त्यांचेच.

आता हाच नकाशा सरकवत सोलापूरवर आणा आणि तोच प्रश्न विचारा. चैत्र-वैशाखात सोलापुरात पाणपोया काही कमी नसतात. पण नकाशावर किती ठिपके उमटतील ते पाणपोया किती आहेत यावर ठरत नाही, त्या कुणी येऊन नोंदवल्या आहेत का यावर ठरतं. कोरा नकाशा बघून सोलापूरकर हसेल आणि पाणपोईवर पाणी पिऊन पुढे जाईल. पण विचारणारा सोलापूरचा नसेल तर? आणि तो माणूसच नसेल तर?

गेले काही महिने माझ्याकडे हेच काम आहे. नकाशाच्या माहितीला प्रश्न विचारणारं एक साधन आहे, ते एआय एजंटने वापरायचं आहे, आणि त्याचं डॉक्युमेंटेशन मी लिहायचं आहे. ऐकायला अगदी रुक्ष काम. पण लिहायला बसल्यावर प्रत्येक ओळीमागे कुणाचा तरी वीस वर्षांपूर्वीचा निर्णय उभा असतो, आणि तो निर्णय सांगितल्याशिवाय ओळ पुरी होत नाही. म्हणून थोडा इतिहास.

ओपनस्ट्रीटमॅप सुरू झाला २००४ मध्ये, इंग्लंडमध्ये. ऑर्डनन्स सर्व्हे ही तिथली सरकारी नकाशा संस्था. तिचे नकाशे उत्तम, पण वापरायचे तर परवान्याचे पैसे मोजा, आणि तेही भरपूर. स्टीव्ह कोस्ट तेव्हा लंडनमध्ये विद्यार्थी होता. विकिपीडिया जसा लोकांनी लिहिला तसा नकाशाही लोकांनीच काढावा, ही त्याची कल्पना. जीपीएस घेऊन पायी किंवा सायकलवर फिरायचं, घरी येऊन मागचा माग संगणकावर टाकायचा, त्यावर रस्ता काढायचा. मे २००६ मध्ये ही मंडळी आयल ऑफ वाइट बेटावर जमली आणि एका वीकेंडात बेटाचे बहुतेक रस्ते फिरून आली. त्याच वर्षी डिसेंबरात याहूने आपली हवाई छायाचित्रं वापरायला परवानगी दिली, मग घरबसल्या रेघा ओढता येऊ लागल्या. (आपल्याकडे सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ पासून आहे. पण नकाशे लोकांसाठी मोकळे करण्याचं म्हणाल तर २००५ च्या धोरणात लोकांची मालिका वेगळी आणि लष्कराची वेगळी झाली, आणि खरा मोकळेपणा यायला फेब्रुवारी २०२१ उजाडलं. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

रस्ता काढला, पण तो रस्ता आहे हे सांगायचं कसं? इथे एक फार मोठा निर्णय झाला, आणि तो मोठा आहे हे तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नसावं. जुन्या शिस्तीत आधी यादी ठरते: इतके प्रकारचे रस्ते, इतक्या प्रकारच्या इमारती, प्रत्येकाला क्रमांक. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये अशी यादीच ठेवली नाही. प्रत्येक वस्तूला दोन शब्दांची चिठ्ठी चिकटवायची, 'अमेनिटी = हॉस्पिटल', 'शॉप = बेकरी', अशी. या चिठ्ठीला टॅग म्हणायचं. शब्द कुठला वापरायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. चार लोकांना पटला तर रूढ होईल. विकीवर त्याचं पान तयार होईल, कधी त्यावर मतदानही होईल, पण सक्ती कुणावरच नाही. मला हा निर्णय फार आवडतो. यादी ठरवत बसले असते तर समितीच्या बैठका अजून चालू असत्या.

मात्र शब्द रूढ झाले ते ब्रिटिश इंग्रजीतले. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात 'हायवे' म्हणजे लोकांना जाण्यायेण्याचा हक्क असलेली कुठलीही वाट. म्हणून या नकाशात मुंबई-पुणे एक्सप्रेसवेही 'हायवे' आणि मंदिरामागून ओढ्याकडे उतरणारी पायवाटही 'हायवे', फक्त बरोबरच्या दुसऱ्या शब्दात फरक. नवख्या माणसाने, किंवा नवख्या यंत्राने, "या गावातले सगळे हायवे दे" असं विचारलं तर त्याला गाव महामार्गांनी विणलेलं दिसेल. उलट आपल्या वस्तूंना शब्द सापडताना ओढाताण होते. वाडी, पाडा, तांडा सगळे एकाच 'हॅम्लेट'मध्ये जाऊन बसतात. बारवेला कुणी विहीर म्हणेल, कुणी ऐतिहासिक वास्तू म्हणेल, दोघंही बरोबर. पाराला काय म्हणायचं ते तुम्हीच सुचवा.

पारापर्यंत ठीक आहे, त्यावाचून कुणाचं अडत नाही. दवाखान्याचं मात्र अडतं. आपल्याकडे सरकारी आरोग्यव्यवस्थेची उतरंड आहे: उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय. नकाशाकडे मुख्य शब्द तीन: हॉस्पिटल, क्लिनिक, डॉक्टर्स. रुग्णाला रात्री ठेवून घेतात ते हॉस्पिटल, नाही ते क्लिनिक, असा ढोबळ नियम. आता प्राथमिक आरोग्य केंद्रात चार-सहा खाटा असतात, तिथे बाळंतपणं होतात. ते हॉस्पिटल की क्लिनिक? एक नोंदवणारा एक म्हणेल, शेजारच्या तालुक्यातला दुसरं म्हणेल. आणि प्रश्न विचारणाऱ्याने फक्त 'हॉस्पिटल' विचारलं तर अर्धी केंद्रं उत्तरातून गळतील, कुठलीही चूक न दाखवता.

प्रश्न विचारण्याचा इतिहासही मजेशीर आहे. सुरुवातीला प्रश्न विचारायची सोयच नव्हती. ओपनस्ट्रीटमॅपचं मूळ दार आहे ते नकाशा दुरुस्त करणाऱ्यांसाठी. तिथून एका वेळी जेमतेम पाव चौरस अंशाचा तुकडा मिळतो, तोही पन्नास हजार बिंदूंपेक्षा जास्त नसेल तर. महाराष्ट्रातले सगळे घाट हवे असतील तर 'प्लॅनेट' नावाची अख्ख्या जगाची फाइल उतरवून घ्या आणि तिच्यात शोधत बसा. भाकरीसाठी शेत विकत घेण्यासारखं. मग एक्सएपीआय नावाची सोय आली, "या चौकोनातल्या या टॅगच्या वस्तू दे" इतपत विचारणारी. ती ज्या मम्प्स भाषेत उभी होती ती भाषा १९६० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या एका हॉस्पिटलात रुग्णांच्या नोंदींसाठी जन्मली होती! नकाशातली हॉस्पिटलं शोधायला हॉस्पिटलातली भाषा. योगायोगच, पण सांगितल्यावाचून राहवलं नाही.

ओव्हरपास आलं ते यानंतर. जर्मनीतल्या रोलंड ओल्ब्रिष्ट यांनी ते लिहिलं. २०११ पर्यंत त्याचं नाव ओएसएमथ्रीएस असं उच्चारायलाही अवघड होतं. यात प्रश्नांची स्वतःची भाषा आहे. या नदीपासून पाचशे मीटरच्या आतल्या शाळा, या तालुक्याच्या हद्दीतल्या विहिरी, त्यातल्या ज्यांना नाव नाही त्याच, असं साखळीने विचारता येतं. पुढे मार्टिन रायफर यांनी त्यावर टर्बोचं तोंड बसवलं, तेच ते रोमच्या नळांचं.

या भाषेची माहिती विकीवर आहे आणि ती चांगली आहे. पण ती नकाशा करणाऱ्यांनी नकाशा करणाऱ्यांसाठी लिहिली. वाचणारा स्वतः जीपीएस घेऊन फिरलेला, कुठला शब्द आपल्या गावात चालतो हे त्याला ठाऊक, आणि उत्तर विचित्र आलं तर "हे काहीतरी गडबड आहे" म्हणून डोकं खाजवणारा. हे डोकं खाजवणं डॉक्युमेंटेशनमध्ये कधीच लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

ती गरज आली २०२३ नंतर. जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या भाषा-मॉडेलला बाहेरची साधनं बोलावण्याची सोय दिली, नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल हा खुला ठराव जाहीर केला, आणि कुणीही आपलं साधन एका ठरावीक पद्धतीने एजंटपुढे मांडावं असं झालं. मांडायचं म्हणजे काय, तर साधनाचं नाव, त्याला काय काय द्यायचं याची यादी, आणि चार ओळींचं वर्णन. एजंट हे वर्णन वाचतो, त्यावरून प्रश्न स्वतः रचतो, उत्तर घेतो आणि माणसाला गोड भाषेत सांगतो. म्हणजे डॉक्युमेंटेशन हे आता कपाटातलं पुस्तक राहिलं नाही. प्रत्येक प्रश्नाच्या आधी ते वाचलं जातं. आणि वाचणारा कधी कुठल्या गावात गेलेला नाही.

समजा धारणी तालुक्यातल्या एखाद्या गावातून कुणी रात्री फोनवर विचारलं, पोर तापानं फणफणलंय, जवळचा दवाखाना कुठे आहे? एजंटने नकाशाला विचारलं. उत्तर आलं: रिकामी यादी. या रिकाम्या यादीचे किती अर्थ असू शकतात ते मी एकदा कागदावर मांडले.

खरंच तिथे दवाखाना नसेल. किंवा आहे, पण कुणी नोंदवलेला नाही. किंवा नोंदवलाय, पण 'क्लिनिक' म्हणून, आणि विचारलं 'हॉस्पिटल'. किंवा टॅगही बरोबर आहे, पण प्रश्न फक्त बिंदूंपुरता होता. हे जरा समजावून सांगतो. या नकाशात वस्तू तीन रूपांत असते: बिंदू, रेघ, आणि अनेकांचा मिळून केलेला संबंध. छोटा दवाखाना नोंदवताना माणूस बिंदू टाकून मोकळा होतो. मोठ्या हॉस्पिटलची मात्र आवाराची किंवा इमारतीची बाह्यरेषा काढतात, म्हणजे ते रेघेत जातं. विकीवरचं सुरुवातीचं उदाहरण बघून केवळ बिंदू विचारले तर जितकं हॉस्पिटल मोठं तितकं ते उत्तरातून निसटायची शक्यता जास्त. उलटा न्याय!

अजून आहे. ओव्हरपासला चौकोन सांगायचा तो दक्षिण, पश्चिम, उत्तर, पूर्व या क्रमाने. गावाचं नाव देऊन चौकोन शोधून देणारं नॉमिनॅटिम नावाचं भावंड आहे, ते उत्तर देतं दक्षिण, उत्तर, पश्चिम, पूर्व या क्रमाने. आणि जिओजेसन या २०१६ च्या प्रमाणात आधी रेखांश, मग अक्षांश. तिन्हीच्या मागे आपापली कारणं आहेत, भांडण्यात अर्थ नाही. पण एजंट साहजिकच आधी नॉमिनॅटिमला 'पुणे' विचारतो आणि आलेले चार आकडे जसेच्या तसे ओव्हरपासला देतो. त्याने काय होतं ठाऊक आहे? पुण्याचा चौकोन आफ्रिकेतल्या चाडपासून रशियाच्या आर्क्टिक किनाऱ्यापर्यंत पसरतो. एकाच बिंदूचे दोन आकडे उलटे झाले तर पुणे नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतं, आणि तिथे दवाखाना नाही हे उत्तर अगदी खरं असतं.

आणि शेवटचा अर्थ सगळ्यांत फसवा. अर्ध्या जगाचा प्रश्न विचारला की सर्व्हर दमतो. ओव्हरपासची मुदत, वेगळी सांगितली नाही तर, १८० सेकंदांची. मुदत संपली की ते दरवेळी दार आपटून "चूक झाली" म्हणत नाही. पुष्कळदा जेवढं मिळालं तेवढं, किंवा काहीच नाही, व्यवस्थित उत्तराच्या कागदात घालून देतं आणि खाली 'रिमार्क' म्हणून एक ओळ लिहितं की वेळ संपली. वर वर बघणाऱ्या प्रोग्रामला सगळं ठीक झालेलं दिसतं. रिमार्क वाचणारा माणूस असला तर ठीक. नाहीतर "तुमच्या परिसरात दवाखाना नाही" हे वाक्य शुद्ध मराठीत, व्याकरणाची एकही चूक न करता, त्या फोनवर पोचतं.

कोऱ्या जागेने फसण्याची गोष्ट एजंटांच्या आधीची आहे. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्स ही राजधानी ओपनस्ट्रीटमॅपवर जवळजवळ रिकामी होती. मोजके रस्ते, बाकी कोरं. लाखोंचं शहर तिथे नव्हतं असं कुणी म्हणेल का? मग ताजी उपग्रह छायाचित्रं खुली झाली आणि जगभरातल्या लोकांनी काही दिवसांत रस्ते, पडलेल्या इमारती, निर्वासितांचे तळ काढले. मदत पथकं तो नकाशा आपल्या जीपीएसमध्ये भरून फिरली. मदतीसाठी नकाशे करणारी 'हॉट' ही संघटना त्याच वर्षी उभी राहिली. त्या लोकांना कोऱ्या जागेचा अर्थ माहीत होता: इथे अजून कुणी बघितलेलं नाही.

नावांचाही असाच घोळ, आणि तो तर दीडशे वर्षांचा. विल्यम हंटर यांनी 'इम्पीरियल गॅझेटियर'ची पहिली आवृत्ती १८८१ मध्ये नऊ खंडांत काढली. गॅझेटियर म्हणजे तरी काय, नकाशाला नावाने विचारायचं साधनच. पण त्याआधी हंटरांना गावांची स्पेलिंगं सरळ करावी लागली, कारण एकाच गावाचं नाव प्रत्येक कलेक्टर आपापल्या कानाने लिहीत होता. त्यांनी नियम केले, पण फार रुळलेली रूपं तशीच ठेवावी लागली. पूना पूनाच राहिलं.

आज नकाशात एका गावाला अनेक नावं देता येतात: मुख्य नाव, मराठी नाव, जुनं नाव, पर्यायी नाव, प्रत्येकाचा टॅग वेगळा. सोय उत्तम आहे, पण विचारताना कुठल्या टॅगात शोधायचं ते सांगावं लागतं. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. भाषा-मॉडेल शिकलेलं असतं प्रामुख्याने जुन्या मजकुरावर, त्यामुळे त्याच्या तोंडी औरंगाबादच यायचं. मुख्य नाव बदललं असेल तर उत्तर रिकामं, नाहीतर बिहारमधलं औरंगाबाद हाती लागतं. आणि 'पुणे' म्हणजे शहर, जिल्हा की महसुली विभाग, हेही यंत्राला सांगावंच लागतं. आपल्याला ते बोलण्याच्या ओघात कळतं.

तर सध्या माझ्या वर्णनात साधन काय करतं याला दोन ओळी आहेत आणि ते गप्प बसलं तर काय समजायचं याला नऊ. तपासणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, हे उलटं नाही का वाटत? मला वाटत नाही. रिकामी यादी आली तर आधी रिमार्क बघ. मग तिन्ही रूपं विचारलीस का बघ. मग हॉस्पिटलबरोबर क्लिनिक आणि डॉक्टर्सही विचार. मग चौकोनाचे चार आकडे वाच, पहिला आणि तिसरा अक्षांश आहेत ना? एवढं करूनही यादी रिकामीच राहिली तर माणसाला 'नाही' म्हणू नकोस, 'नकाशात नोंद नाही' म्हण, आणि तातडीचं असेल तर १०८ ला फोन करायला सांग. ही शेवटची ओळ तांत्रिक नाही म्हणून काढावी असाही एक आग्रह होता. ती मी ठेवली आहे.

दोन ओळी अजून घालायच्या राहिल्यात. एक, सार्वजनिक ओव्हरपास सर्व्हर ही फुकट चाललेली सेवा आहे. दिवसाला दहा हजारांपेक्षा कमी प्रश्न आणि एक जीबीपेक्षा कमी माहिती, एवढं चालतं असं त्यांचं म्हणणं. माणसाच्या हाताने दहा हजार प्रश्न होत नाहीत, एजंटच्या एका लूपने जेवणाच्या सुट्टीत होतात. दुसरी ओळ श्रेयाची. २०१२ पासूनच्या परवान्यानुसार माहिती कुणीही वापरावी, पण ती ओपनस्ट्रीटमॅपच्या लोकांनी गोळा केली आहे असं सांगावं. एजंट उत्तर सांगताना हेच पहिलं गाळतो. त्याची वाक्यरचना अजून जमलेली नाही, उद्या बघतो.